गाडीचा एअर फिल्टर कोणता घ्यावा: कागदी की धुऊन वापरायचा?

प्रश्न थोडक्यात असा. १.२ लिटरची पेट्रोल गाडी, चार वर्षं झालेली. सर्व्हिसिंगच्या वेळी एकाने सुचवलं की कागदी फिल्टर काढून तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर टाका. पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज सुधारेल, शिवाय पुन्हा फिल्टर विकत घ्यायची कटकट नाही. दुसरा म्हणतो, कुठलाही कागदी घ्या, सगळे सारखेच. घरात एक टर्बो डिझेलही आहे. तिलाही हेच लागू पडतं का?

उत्तर आधी देऊन टाकतो. दोन्ही गाड्यांना कागदीच घ्या, पण चांगल्या उत्पादकाचा आणि अचूक पार्ट नंबरचा. डिझेलच्या बाबतीत तर याहून काटेकोर राहा. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण कारण कळलं नाही तर पुढच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी पुन्हा तुमचं मन वळवणार. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

इंजिन हवा किती खातं याचा हिशोब एकदा करून बघा. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा झाली ११ किलो. घनफळात हे जवळपास ९,००० लिटर होतात. वर्षभरात १,००० लिटर पेट्रोल जाळलंत तर ९० लाख लिटर हवा फिल्टरच्या त्या लहानशा काळ्या डब्यातून गेली. आणि ही हवा रस्त्यापासून हात-दोन हात उंचीवरची, पुढच्या गाडीच्या चाकांनी ढवळलेली.

रस्त्यावरच्या धुळीत मोठा भाग वाळूचा, म्हणजे सिलिकाचा असतो. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्ज मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर बसतं. काचेवर ओरखडा उठतो त्याने. इंजिनाच्या आत सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्ये तेलाचा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा असतो. धुळीचा कण त्या पापुद्र्याहून फार बारीक असेल तर तेलाबरोबर वाहून जातो. फार मोठा असेल तर फिल्टरमध्येच अडकतो. खरं नुकसान करतात ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, तेव्हा हे कण डोळ्यांना सुटे दिसतच नाहीत. व्हॉल्व्ह बसवताना आपण जी लॅपिंग पेस्ट लावून घासतो ती दुसरं काय असते? चिकट पदार्थात कालवलेली कठीण पूड. तेलात धूळ मिसळली की तशीच पेस्ट सिलिंडरमध्ये तयार होते, आणि घासणं तर चालूच असतं, मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी.

१९१५ साली फ्रँक डोनाल्डसन यांनी ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर तयार केला तो एवढ्याचसाठी. शेतातल्या धुळीने ट्रॅक्टरची इंजिनं अकाली झिजत होती. म्हणजे फिल्टर आला तो पिकअप वाढवायला नव्हे.

आता पिकअपचा मुद्दा. "मोकळा श्वास घेणारा फिल्टर" हे शब्द कानाला गोड लागतात, पण पेट्रोल इंजिनाला श्वास घ्यायला अडवतो कोण? तुम्हीच, अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायाने. नेहमीच्या चालवण्यात थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप जेमतेम किलकिली असते आणि तिच्यापलीकडे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्या हवेपेक्षा ५० किलोपास्कलच्या आसपास कमी दाब असतो. चांगल्या अवस्थेतला फिल्टर अशा वेळी एका किलोपास्कलचाही अडथळा करत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा तेवढा उघडा ठेवायचा आणि गर्दी का होते म्हणून अंगणाचं फाटक रुंद करायचं, असला प्रकार आहे हा.

झडप पूर्ण उघडली की चित्र बदलतं, हे मान्य. पूर्ण थ्रॉटल, वरचे आरपीएम, तेव्हा फिल्टरमधली घट एक-दीड किलोपास्कलपर्यंत जाऊ शकते. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे फिल्टर अजिबात न लावता गाडी पळवली तरी हाती लागणार फार तर एक-दीड टक्का ताकद, तीही तुम्ही क्वचितच जाता अशा आरपीएमला. कापडी फिल्टर लावल्यावर यातला एक हिस्साच मिळतो. मग लोकांना फरक जाणवतो तो कशाचा? बऱ्याचदा आवाजाचा. फिल्टरचा डबा आणि त्याला जोडलेल्या पोकळ्या इंजिनाचा घुमारा दाबण्याच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. तिथे उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला की इंजिन गुरगुरतं आणि गाडी तडफदार वाटायला लागते. त्यात तो शंकू बोनेटखालची गरम हवा ओढतो. हवा दर तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते; बाहेरच्यापेक्षा वीस अंश गरम हवा घेतलीत तर सहा-सात टक्के ताकद गेली. एक टक्का मिळवायला निघालो आणि सहा घालवून आलो! आवाज आवडतो म्हणून कुणी लावत असेल तर माझी हरकत नाही, पण मग तसं म्हणावं.

अ‍ॅव्हरेजबद्दल तर मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मुद्दाम चोंदलेले फिल्टर घालून चाचण्या घेतल्या. इंधनाच्या खपात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. कमी झाला तो वेग पकडण्याचा दम. कारण सरळ आहे. इंजिनाचा संगणक येणारी हवा जोखून त्या बेतानेच पेट्रोल सोडतो, आणि धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर त्यावर नजर ठेवतो. हवा कमी पडली तर तुम्ही नकळत पाय थोडा जास्त दाबता, झडप थोडी जास्त उघडते, हिशोब जुळतो. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाशिवाय हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याच्या, जमान्यात असं नव्हतं. तेव्हा फिल्टर चोंदला की मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं आणि फिल्टर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज खरोखर सुधारायचं. तो काळ गेला, सल्ला मात्र राहिला. तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं असेल तर टायरमधली हवा बघा, ब्रेक धरून बसत नाहीत ना ते बघा, थर्मोस्टॅट आणि ऑक्सिजन सेन्सर तपासा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं करू नका.

तेव्हा फिल्टर किती हवा सोडतो हे बाजूला ठेवा आणि किती धूळ सोडतो ते विचारा. इथेच आकडे फसवतात. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे आकडे साधारण ९६ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान सांगितले जातात. ऐकायला दोन्ही पहिल्या वर्गातच पास. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, आत शिरलेल्या धुळीशी आहे. समजा फिल्टरपाशी १०० ग्रॅम धूळ आली. ९९.५ टक्क्यांचा फिल्टर अर्धा ग्रॅम आत सोडेल, ९७ टक्क्यांचा तीन ग्रॅम. म्हणजे सहापट.

हे आकडे येतात आयएसओ ५०११ नावाच्या प्रमाणित चाचणीतून. ठरावीक प्रतीची धूळ ठरावीक वेगाने फिल्टरवर सोडतात आणि किती पार झाली ते वजन करून काढतात. धूळ दोन प्रकारची वापरली जाते, बारीक आणि भरड. भरड धुळीवर कुठलाही फिल्टर हुशार दिसतो, कारण वजनाचा मोठा हिस्सा जाड कणांत असतो आणि ते अडवणं सोपं. म्हणून खोक्यावर नुसतं "९९ टक्के" छापलेलं असेल तर कुठली धूळ होती आणि आकडा सुरुवातीचा की शेवटचा, हे विचारायला हवं.

सुरुवातीचा की शेवटचा, याला महत्त्व आहे. नवा कोरा फिल्टर हा त्या फिल्टरच्या आयुष्यातला सगळ्यात कच्चा फिल्टर असतो. पहिले कण तंतूंवर बसतात, मग ते स्वतःच पुढच्या कणांना अडवायला लागतात आणि जाळी दाट होत जाते. म्हणून दर सर्व्हिसिंगला "बदलून टाका एकदाचा" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. दर वेळी डबा उघडला की काठावरची माती आत पडायचा धोका वेगळाच. हाच न्याय हवा मारण्याला. कॉम्प्रेसरच्या पाइपने जोरात हवा मारली की फिल्टर उजळ दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण कागदाचे तंतू फाकतात, आणि ती भोकं बल्बसमोर धरूनही दिसत नाहीत. फारच अडचण असेल तर आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाने, नळी दूर धरून. मी स्वतः मारत नाही. पालापाचोळा आणि किडे झटकतो, बस्स. कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने धुणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं.

काही गाड्यांत तर कागद कारखान्यातूनच तेलाचा हलका हात देऊन येतो. तो नवा असतानाही ओशट लागतो आणि लवकर काळवंडतो. त्यावर हवा मारायचीच नसते, वेळ झाली की बदलायचा. तुमचा फिल्टर तसला आहे का हे गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते ज्यावर निवड ठरायला हवी, ती म्हणजे फिल्टरच्या कडेची रबरासारखी पट्टी. कागद कितीही उत्तम असो, पट्टी डब्याच्या खाचेत घट्ट बसली नाही तर हवा सोपी वाट धरते. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा! एकदा एक गाडी माझ्याकडे आली, साठ हजार किलोमीटरही झालेले नव्हते आणि ऑइल खायला लागलेली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, चारही सिलिंडरला पडलेलं. मालकाने सर्व्हिसिंग एकही चुकवलं नव्हतं, फिल्टरही नवाच होता. डबा उघडला तर स्वच्छ, म्हणजे फिल्टरपलीकडच्या इंजिनाकडच्या बाजूला, एका कोपऱ्यापासून थेट नळीच्या तोंडापर्यंत धुळीची बारीक रेघ ओढलेली, जणू कुणी बोटाने रस्ता दाखवलाय. त्या कोपऱ्यातली क्लिप केव्हातरी तुटली होती आणि फिल्टर दोन मिलिमीटर ठेंगणा होता. पार्ट नंबर त्याच गाडीचा, पण आधीच्या वर्षीच्या इंजिनाचा. त्या दोन मिलिमीटरने इंजिन उतरवायची पाळी आणली. पाच मिनिटांचं काम कुणी पाच मिनिटांत केलं होतं, इतकंच.

म्हणून खरेदी करताना "अमुक मॉडेलचा द्या" असं सांगू नका. इंजिनाचा प्रकार, वर्ष आणि शक्य असेल तर चासी नंबर द्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलचे फिल्टर वेगळे असतात, आणि उत्पादन चालू असतानाही डब्याचा आकार बदलतो. मग जुना आणि नवा शेजारी ठेवा. लांबी-रुंदी, चौकटीची उंची, पट्टीची जाडी, कोपऱ्यांचा घाट. पट्टी बोटाने दाबा. मऊ असावी आणि सोडल्यावर लगेच मूळ जागी यावी. दगडासारखी कडक किंवा चिकट असेल तर परत करा. जिथे पट्टीचं तोंड मिळवलेलं असतं तिथे फट राहिलेली नाही ना, ते बघा.

"सगळे कागदी सारखेच" याचं उत्तर घड्यांत मिळतं. घड्या मोजा, एका घडीची खोली आणि लांबी मोजा. तिन्हींचा गुणाकार करून दुप्पट केली की कागदाचं क्षेत्रफळ मिळालं. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये घड्या कमी किंवा उथळ असतात. बाहेरची चौकट तीच, आत कागद मात्र कितीतरी कमी. कागद कमी म्हणजे तो लवकर भरणार आणि हवाही त्यातून जास्त वेगाने जाणार. मात्र घड्या जास्त म्हणजे चांगला, असंही सरसकट नाही. घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतील तर मधला कागद वायाच. त्या सरळ, समान अंतरावर हव्यात आणि बोटाने हलकेच ढकलल्यावर लोळता कामा नयेत.

गाडीच्या कंपनीच्या खोक्यात मिळणारा फिल्टर बहुतेक वेळा ती कंपनी स्वतः बनवत नाही. मान अँड हुमेल, माहले यांच्यासारखे फिल्टर बनवणारे उत्पादक गाडीच्या कारखान्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. तेव्हा अशा नामांकित उत्पादकाचा फिल्टर घेण्यात कमीपणा काही नाही. भीती आहे ती नकली मालाची, आणि चांगल्या नावाचीच नक्कल होते. छपाई फिकट, खोक्यावरचा आणि फिल्टरवरचा नंबर वेगळा, डिंकाचे ओघळ, हातात घेतल्यावर नेहमीपेक्षा हलका, असलं काही दिसलं तर मोह आवरा. आणि हो, दुकानात "एसी फिल्टर" आणि "एअर फिल्टर" यांची गल्लत रोज होते. तुम्हाला इंजिनाचा हवाय, केबिनचा नव्हे.

सतत कच्च्या रस्त्याने, खाणी-बांधकामांच्या आसपास गाडी जात असेल तर कागदावर अतिसूक्ष्म तंतूंचा थर दिलेला फिल्टर मिळाल्यास बघा. मायक्रॉनहून बारीक तंतूंचा तो थर धूळ वरच्यावर अडवतो, त्यामुळे नवा असतानाचा कच्चेपणा बराच कमी होतो. फोमचे फिल्टर मोटरसायकलींना आणि शेतीच्या यंत्रांना शोभतात. तुमच्या गाडीत त्यांचं काम नाही.

बदलायचा केव्हा? पुस्तिकेत दिलेलं अंतर प्रमाण माना. बहुतेक गाड्यांत ते २० ते ४० हजार किलोमीटरच्या दरम्यान असतं आणि धुळीच्या वापरासाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. ती ओळ लोक वाचतच नाहीत. रंगावरून ठरवू नका. काळा पडलेला फिल्टर नुसता काजळीने काळा असू शकतो आणि मातकट, फिका दिसणारा फिल्टर घड्यांच्या तळाशी ठासून भरलेला. अवजड वाहनांत अडथळा दाखवणारा इंडिकेटर असतो. त्यांच्यात सुमारे ६ किलोपास्कलला फिल्टर बदलतात. तुमच्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) जोडून एक सोपी तपासणी होते. नवा फिल्टर बसवल्यावर, मोकळ्या आणि सुरक्षित रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमला तो दाब किती दिसतो हे शेजारच्या माणसाला टिपायला सांगा. वर्षभराने त्याच ठिकाणी, तशाच हवेत पुन्हा बघा. आकडा दोन-तीन किलोपास्कलने उतरला असेल तर फिल्टरची वेळ भरली.

बसवताना आधी डब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसा, तळाचं पाणी जायचं भोक मोकळं करा. नळीच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा, आणि आठवणीने काढा (हे हसण्यावारी नेऊ नका). झाकणाच्या मागच्या जिभा आधी खाचांत, मग पुढच्या क्लिपा. क्लिप लावताना जोर लागत असेल तर फिल्टर वाकडा बसलाय, थांबा.

डिझेलचं बोलायचं राहिलं. डिझेलमध्ये थ्रॉटलवर हवेची अशी कोंडी केलेली नसते. ताकद कमी-जास्त होते ती डिझेलच्या मात्रेवर, त्यामुळे हलक्या भारालाही ते इंजिन भरपूर हवा ओढतं. तेवढ्याच इंधनामागे पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा, म्हणून तेवढीच जास्त धूळ. त्यात टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा. त्याचं हवेकडचं चाक मिनिटाला लाखभराहून जास्त फेऱ्या घेतं. फिल्टरचा सुटलेला धागा किंवा डब्यात राहिलेला खडा त्याच्या पात्यांची धार खाऊन टाकतो. फिल्टर फार चोंदू दिला तर टर्बोच्या तोंडाशी पोकळी वाढते आणि सीलमधून ऑइल हवेच्या बाजूला ओढलं जातं. मग इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तेल सापडतं, आणि दोष टर्बोला लागतो. शिवाय बहुतेक आधुनिक डिझेलमध्ये फिल्टरच्या लगेच मागे हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो. कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर ते उडून त्या सेन्सरच्या नाजूक तारेवर किंवा पापुद्र्यावर बसू शकतं, मग मोजमाप चुकतं. डिझेलला तेल लावलेला कापडी फिल्टर नको म्हणतो ते यासाठी.

इतकं सांगूनही पेट्रोल गाडीला कापडी फिल्टर घेऊन झाला असेल तर निदान त्याची निगा नीट ठेवा. धुताना पाणी स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे सोडायचं. सावलीत पूर्ण वाळवायचा, हेअर ड्रायर किंवा कॉम्प्रेसर लावायचा नाही. तेल त्याच उत्पादकाचं, प्रत्येक घडीच्या माथ्यावर एक पातळ रेघ, मग मुरायला वेळ, आणि कुठे पांढरं राहिलं असेल तर तेवढाच थेंब. तेल न लावता बसवलेला कापडी फिल्टर म्हणजे नुसती जाळी. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर डबा उघडा, फिल्टरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर करकरीत, बोटाला खरखरणारी धूळ आली तर त्याच दिवशी कागदी फिल्टर परत बसवा.

हीच फडक्याची तपासणी तुमच्या आत्ताच्या कागदी फिल्टरलाही करून बघा, नवा आणायच्या आधी. फडकं मळलं तर आधी डबा, क्लिपा आणि नळीचे पट्टे दुरुस्त करा, फिल्टर नंतर.